धुरपतामावशीच्या बोटीची भोकं

तीर्थरूप मामाजींना, तुमच्या कूलरच्या दुकानातून वडनेरले निघालेल्या आणि अजून वाटेतच असलेल्या नयनचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असंल. मामीचा गुडघा आता जिना चढू देते की नाई? (त्या जिन्याच्या वर काय ठेवलं आहे हे मले कधीच कळलं नाई. एकदा पाहायचं आहे.)

तुम्ही मले जुना कूलर आणायले पाठवलं होतं. आणलाच असता. पण वडनेरच्या अलीकडं तलावाच्या काठी अल्युमिनियमची जुनी बोट पालथी दिसली, आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आलेले. असे पाय पाहून जो गाडी थांबवत नाई तो माणूस कसला? पाय धुरपतामावशीचे निघाले. तलावात त्यांचे शिंगाडे आहेत. शिंगाडा पिकला की आपोआप सुटून तळाशी जाते, मग वर्षाची मेहनत गाळात. तोडायले बोट पाहिजे, आणि बोटीची तर चाळणी झालेली. मावशी आत शिरून उजेड कुठून येते ते पाहून राह्यल्या होत्या. मीही शिरलो. आत भर दिवसा चांदण्या दिसतात, मामाजी! पण बारीक भोकं काही अशी सापडत नाईत.

मग बोट सुलटी करून विटांवर ठेवली आणि आत पाणी भरलं. पाणी गळे, पण बुडावरून घरंगळत जाऊन भलतीकडंच टपके. (पाणी सरळ खाली का पडत नाई, याचा विचार करण्यात माझी एक सकाळ गेली.) शेवटी तुम्ही कूलरच्या टाकीले लावता तसं अंदाजानं डांबर फासलं. ते उन्हात सुटलं आणि गावातल्या अण्णाजींच्या बकरीले चिकटलं. बकरीची हकिकत मोठी आहे, भेटीत सांगीन.

डांबर खरवडून बोट राखेनं आणि चिंचेनं घासली, तर ती नव्या परातीसारखी चमकली. इथंच घोटाळा झाला. त्या दिवशी देवीचा महाप्रसाद होता, भाजीची भांडी कमी पडली, आणि महाप्रसादाचे मुख्य कोण, तर तेच अण्णाजी.

"काऊन बे, एवढं मोठं भांडं रिकामं ठेवलं?"

"अण्णाजी, बोट आहे ते," मावशी म्हणाल्या.

"मग? भाजी मावते ना तिच्यात?"

मावली. वांग्याची भाजी, वर बोटभर तर्री. गाव जेवलं. (चव चांगली होती. खात्री करायले मी पुन्हा पुन्हा घेतली.) पंगती उठल्यावर सहज बोटीखाली वाकलो, तर जिथं जिथं भोक तिथं तिथं हळदीची पिवळी टिकली! भाजीचा रस्सा घट्ट, तो काही घरंगळत नाई, जिथून निघते तिथंच बसते. मी ओरडलो, सगळे धावले.

"देवीनं दाखवलं रे बाप्पा," मावशीनं हात जोडले.

"देवीनं कुठं? म्या दाखवलं," अण्णाजी म्हणाले. बकरीचं भांडण मग त्यांनी सोडून दिलं.

टिकल्यांभोवती खुणा केल्या, बोट धुतली, तारेच्या ब्रशनं धातू उघडा केला. मोठ्या भोकांत सायकलच्या ट्यूबची चकती घालून रिव्हेट ठोकले, बारकी भोकं दोन नळ्यांतला एपॉक्सीचा मसाला कालवून बुजवली. पुन्हा दिवसभर पाणी भरून ठेवलं. खालच्या विटा कोरड्याठाक! मामाजी, असं काम तुमच्या दुकानातही झालं नसंल.

मोठ्यांना नमस्कार. लहानांनी कूलरची वाट पाहू नये.

तुमचा,
नयन

ता. क. बोट अजून तलावात उतरली नाई. इथला रिवाज असा, की ज्यानं बोट दुरुस्त केली त्यानंच पहिले बसायचं. मले पोहता येत नाई, हे मी इथं कोणाले सांगितलं नाई. तुम्हाले येते. रविवारी येजा. जुनी पँट घालून येजा.

आणखी ता. क. मी वरचं लिहीपर्यंत मावशी एकट्याच बोट घेऊन गेल्या. "तुहं पत्र होईस्तोवर माहे शिंगाडे बुडाशी जातीन," म्हणे. टोपलं भरून आल्या, पाय कोरडे! आता म्हणतात, एकानं वल्हवलं तर दुसऱ्याचे दोन्ही हात तोडायले मोकळे, चाल बस. मी म्हटलं, मामाजी येऊन राह्यले, वल्हवायचा मान त्यांचा. मावशी म्हणाल्या, येऊ दे, तुलेही मधी बसवीन. तेव्हा येताना ट्रॅक्टरची ट्यूब आणजा, हवा भरून. ती बोटीसाठी नाई.