नवव्या पानावर गेलेली आई

प्रिय मावशीस,

दानबीचा कमरेत वाकून नमस्कार. सोलमध्ये थंडी फार पडलीय म्हणे. तुझी पाठ कशी आहे? इकडे मोक्पोत आम्ही दोघी मजेत. (आई वारली, तेवढं सोडून.)

म्हणजे तुझ्या कादंबरीत, नवव्या पानावर. वाचायच्या आधीच आईने पंचवीस प्रती मागवून आमच्या किम्बापच्या दुकानात रचून ठेवल्या. "माझ्या बहिणीचं पुस्तक! आमची दानबीच आहे हो त्यात!" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यात मारल्या. आता अख्खी गल्ली वाचून बसलीय. मासळीवाल्या काकूंनी तर "पोरकी गं पोर" म्हणत माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईकडूनच दोन किम्बाप बांधून नेले.

नायिकेला स्वतःचा शोध लागायचा म्हणून आईने मरायचं, हे मला कळलं. मग ती पावसात केस कापते, शाळेच्या गच्चीवर जाऊन ओरडते, आणि लगेच तिला आपण कोण ते उमगतं. मावशी, केस मी च्युइंगगम चिकटलं म्हणून कापले होते. गच्चीला कुलूप असतं, तुझ्या वेळीही असणार. (पुस्तकातल्या मुलींनाच किल्ली कुठून मिळते?) चुसॉकच्या सणाला तांदळाच्या पिठाचे सोंगप्योन वळताना "मी कोण आहे तेच कळत नाही" असं मी म्हणाले, हे खरं. पण परीक्षा तोंडावर होत्या आणि मला झोप येत होती. तू किती मायेने ऐकत होतीस! मला वाटलं, माझ्यासाठीच ऐकतेयस.

वर शाळेने हेच पुस्तक लावलं. प्रश्न होता, "आईच्या मृत्यूनंतर नायिकेला स्वतःची ओळख कशी पटली?" मी लिहिलं, पटलीच नाही, ती अजून शिकवणीला जाते आणि आई डबा देते. वीसपैकी सात. सरांचा शेरा: "नायिकेचं मन समजलेलं नाही." माझ्याच मनात मी नापास! फार राग आलाय, मावशी. अजून गेलेला नाही.

जपून राहा, पाठ शेकत जा.

तुझी आयती नायिका,
दानबी

ता. क. आई रागावलेली नाही. किमचीचा डबा वेगळा पाठवलाय, लगेच फ्रीजमध्ये ठेव.

आणखी ता. क. खरं काम हे. आज मुळा चिरता चिरता आई म्हणाली, "मारलं ते मारलं. पण पुस्तकभर मला नाव नाही गं. गल्लीत दानबीची आई, पाटीवर 'दानबी किम्बाप', पुस्तकातही नुसती आई. सख्ख्या बहिणीला तरी ठाऊक होतं ना?" तेव्हा पुढच्या आवृत्तीत नाव घाल. थडग्यावर घातलंस तरी चालेल. (मीही उत्तरात नुसतं 'आई'च लिहिलं होतं.) विसरली असशील तर, चांग ओकबुन.