आत्या नापास झाली त्याची हकिकत

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरली आहे, तेव्हा आठांतली जेवढी अंगं वाकतील तेवढ्यांचा गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो आणि अजून एकाच बाजूने चावतेस का, ते कळव. इकडे सगळे मजेत. बाबांना नवा चष्मा लागलाय आणि तो हरवू नये म्हणून ते तो कपाटातून बाहेरच काढत नाहीत. आई बरी आहे. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला होता. तूच उचललास आणि तूच सांगितलंस की आत्या घरात नाही. त्यावरून मी ओळखलं की दादाने चुगली केली आहे आणि तू माझ्यावर रुसली आहेस.

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर, चारचौघांत, लाल अक्षरांत 'आत्या - नापास' असं झळकलं, ही बातमी खरी आहे. पण दादाने ती अर्धीच सांगितली. त्याला सगळ्या गोष्टी अर्ध्याच सांगायची सवय आहे, हे तुला मी सांगायला नको. आता पूर्ण हकिकत ऐक, मग काय बोलायचं ते खुशाल बोल.

मुळात हे काम आमच्या ऑफिसला मिळालं तुझ्यामुळे. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत, तोंडात आरसा असताना, तू त्यांना माझी कीर्ती ऐकवलीस (त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे), आणि पेशंटना घरबसल्या फोनवरून वेळ घेता यावी असा प्रोग्रॅम त्यांनी आमच्याकडून करून घ्यायचं ठरवलं. मालकांनी त्याच्या चाचण्या लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी अजून कच्चाच आहे ना नोकरीत. बाईंना काम पसंत पडलं तर तू कायम, नाही तर आपण मित्र म्हणून निरोप घेऊ, असं ते म्हणाले. 'मित्र म्हणून' हे शब्द त्यांनी इतक्या प्रेमाने उच्चारले की मी त्याच संध्याकाळी नोकरीचा जुना अर्ज शोधून ठेवला.

चाचणी म्हणजे फार काही नाही. प्रोग्रॅमचा एक लहानसा तुकडा बाजूला घ्यायचा, त्याला काहीतरी विचारायचं आणि ठरलेलं उत्तर आलं तर पडद्यावर हिरवी अक्षरं, नाही तर लाल. मी जोमाने लागलो. एका पेशंटची चाचणी लिहिली, तीच उचलून खाली डकवली, नाव बदललं, पुन्हा डकवली. असं करत करत पानंच्या पानं भरली आणि मी फार काम केलं अशी माझी समजूत झाली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी कळवलं की दवाखाना आता दुपारी उशिरा उघडेल. झालं! प्रत्येक चाचणीत शिरून वेळ बदलणं आलं. निम्म्या बदलल्या, निम्म्या राहिल्या, आणि आमच्या प्रोग्रॅमच्या हिशेबाने तो दवाखाना एकाच वेळी उघडाही होता आणि बंदही.

आमच्या ऑफिसात एक वरिष्ठ बाई आहेत, त्यांना सगळे (पाठीमागे) चाळणी म्हणतात, कारण त्यांच्या नजरेतून बारीकसा खडाही सुटत नाही. त्यांनी माझी पानं चाळली, कपाळाला हात लावला आणि सांगितलं की अरे शहाण्या, चाचणी एकदाच लिही आणि तिच्याखाली तक्ता कर. एका ओळीत एक पेशंट: त्याने काय भरलं, काय केलं आणि उत्तर काय यायला हवं. यंत्र तीच चाचणी प्रत्येक ओळीसाठी आपणहून चालवतं. वेळ बदलली तर एका जागी बदलायची. आत्या, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पानांची चार बोटांएवढी चाचणी झाली. तक्ता भरला, बटण दाबलं, सगळं हिरवंगार. छाती फुगवून चाळणीबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे सगळे पेशंट नाव नीट लिहितात, वेळ घेतात आणि वेळेवर येतात. अशी माणसं तू पाहिलीस कुठे? तुझ्या घरात तरी आहेत का?"

हा प्रश्न मात्र वर्मी बसला. मी डोळे मिटून घरातली एकेक मंडळी आठवली आणि माझ्यापुढे खजिनाच उघडला. बाबा चष्म्याविना फोन नंबर लिहितात, त्यात एक आकडा नेहमी जास्त. काका नावाच्या रकान्यात हुद्दा, निवृत्तीचं वर्ष आणि शाळेतलं बक्षीस लिहितात. दादा सगळं कोरं सोडतो, कारण आपण कोण हे जगाला ठाऊक आहे असं त्याला वाटतं. वहिनी बटण एकदा दाबून थांबत नाहीत, लिफ्टचंही नाही. एकेकाची एकेक ओळ केली. ओळीला असं नाव द्यावं की नापास झाली तर काय बिघडलं ते वाचताक्षणी कळावं, असा चाळणीबाईंचा दंडक. मी सरळ 'बाबा', 'काका', 'दादा', 'वहिनी' अशी नावं दिली. मला तरी त्यावरून सगळं कळत होतं.

आणि ज्या दिवशी डॉक्टरीणबाई काम बघायला यायच्या होत्या, त्या सकाळी मला तुझी आठवण झाली. वेळ घ्यायची, रद्द करायची, ती दुसऱ्या कोणीतरी घेतली की मन पालटून तीच परत मागायची, ही तुझी रीत. यावर यंत्राने 'ती वेळ गेली, दुसरी घ्या' असं सांगायला हवं. घाईघाईने ती ओळ सर्वांत खाली घातली आणि चालवून न बघताच बैठकीच्या खोलीत गेलो. भिंतीवर मोठा पडदा, बाई पर्स मांडीवर घेऊन समोर, मालक त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवतायत. मी बटण दाबलं. बाबा हिरवे, काका हिरवे, दादा, वहिनी हिरव्या. मग ते लाल. यंत्राने तुला 'अवश्य या' म्हटलं होतं आणि एका खुर्चीत दोन माणसं बसवली होती.

मालक माझ्याकडे मित्र म्हणून बघू लागले. बाईंनी विचारलं, ही आत्या कोण? मी म्हणालो, काल्पनिक आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "वरची डावी दाढ ना?"

आत्या, मग त्या जे हसायला लागल्या! त्यांच्या दवाखान्यात हे अगदी असंच घडलं आहे म्हणे. एका खुर्चीपुढे दोन पेशंट उभे राहिले, आणि त्यातल्या एकीने मोठ्या मनाने दुसऱ्याला आपली वेळ दिली आणि जवळजवळ पळतच घर गाठलं. नाव मी लिहीत नाही. तर मी खाली बसून शोधलं. वेळ रद्द केली तरी यंत्र मनातून ती तुझीच धरून बसत होतं. ते दुरुस्त केलं, पुन्हा चालवलं, तू हिरवी झालीस. मग तुझ्या आणखी ओळी घातल्या: आत्या न घेतलेली वेळ रद्द करते, आत्या शेजारणीच्या फोनवरून वेळ घेते, आत्या दोनदा रद्द करते. तक्त्यात आता तूच तू आहेस. चाळणीबाई "बरं आहे" म्हणाल्या, आणि त्या याहून जास्त कौतुक कोणाचंच करत नाहीत. तेव्हा नापास झालं ते यंत्र, तुझ्यापुढे. तू रुसू नकोस, मला करमत नाही.

आतोबांना नमस्कार सांग. त्यांनाही एक ओळ देणार आहे.

तुझा भाचा

ता. क. बाईंनी पसंतीची सही अजून केलेली नाही. तक्त्यातली आत्या ठीक आहे, म्हणतात, पण खरी आत्या या प्रोग्रॅममधून वेळ घेऊन त्यांच्या खुर्चीत बसली की सही. मालकांनी लगेच मान डोलावली. थोडक्यात, माझी नोकरी तुझ्या दाढेत अडकली आहे. कृपा करून वेळ घे.

ता. क. २. सवयीप्रमाणे एकदा रद्द कर, त्यांना तेही बघायचं आहे. पण मग परत घे आणि खरंच जा. तेवढं कुठलीही ओळ तुझ्यासाठी करू शकत नाही. मी विचारून ठेवलंय, सुई टोचते तेवढंच. ती दाढ तुला किती दिवस छळते आहे, ते मला बघवत नाही. मी बाहेर बसेन.

ता. क. ३. मी सुटकेने मोठ्याने हसलो तेव्हा बाईंनी माझ्याही तोंडात डोकावून घेतलं. माझीही एक दाढ किडली आहे. तुझ्यानंतरची वेळ मला दिली आहे. सकाळपासून मी ती घेतोय आणि रद्द करतोय, आणि प्रोग्रॅम कुठेही चुकत नाही. तू लवकर ये. तू आत गेलीस की मला पळून जायला तोंड राहणार नाही.