नेदर विंबरीत गुन्हेगारी आठशे टक्क्यांनी कशी वाढली

नेदर विंबरी,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय लॅम्बर्टदादा,

धाकट्या मेरियलचा तुला आणि आयव्हीवहिनीला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नवा बसवल्यापासून तू जिने चढतोस असं वहिनीने कळवलं होतं, पण उतरतोस का ते काही कळवलं नाही, त्यामुळे काळजी लागून राहिली आहे. वहिनीचा खोकला एव्हाना गेला असेल. (नसेल तर कांद्याचा रस आणि मध द्या. डॉक्टरला विचारू नका, तो हसतो.) मी ठणठणीत आहे, निदान शरीराने. मनाला मात्र या उन्हाळ्यात जे धक्के बसले, ते सहासष्ट वर्षांत सगळे मिळून बसले नव्हते. म्हणूनच तुझ्या मेमधल्या पत्राला उत्तर द्यायला सप्टेंबर उजाडला. रागावू नकोस.

तुझी मोटार भरदिवसा दारातून चोरीला गेली, आणि पोलिसांनी फोनवर तक्रारीचा एक नंबर देऊन तुझी बोळवण केली, हे वाचून फार वाईट वाटलं. पण पुढे तू लिहिलं होतंस की बर्मिंगहॅम आता राहण्याजोगं उरलं नाही, फ्लॅट विकून तुम्ही दोघं नेदर विंबरीलाच येता, तिथे कसली चोरी आणि कसलं काय! ते वाचून मी पत्र हातात धरून खाली बसले. दादा, येऊ नकोस. निदान पुढचं सगळं वाचल्याशिवाय तरी सामान बांधू नकोस.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावाची सभा भरली. आमचे चिटणीस सिरिल ऑटर (तुला आठवत असतील, सफरचंदाची बाग, हिरवी मोटार, आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची सवय) यांनी पोलिसांचा वर्षाचा तक्ता छापून आणला होता. सभेला एरवी सहा माणसं असतात आणि विषय गटारांचा असतो. त्या दिवशी सिरिलने तीनदा घसा खाकरला तेव्हाच मला वाटलं की हे गटाराचं नव्हे. गेल्या वर्षी आपल्या गावात गुन्हा घडला एक. (पाद्रीबाबांची सायकल. ती त्यांनी स्वतःच पबमागे ठेवली होती आणि विसरले होते.) या वर्षी घडले नऊ. म्हणजे आठशे टक्के वाढ. वस्ती एकशेसत्त्याऐंशी, त्यामुळे दर हजारी हिशेब काढला की अठ्ठेचाळीस. सिरिल म्हणाला, या हिशेबाने आपलं गाव सबंध जिल्ह्यात पहिलं आलं आहे, शहरातल्या त्या बदनाम बसस्टँडाच्या भागालाही आपण मागे टाकलं. पबवाली डिलिस चहा ओतत होती, ती ओततच राहिली, बशी भरून चहा टेबलावरून पाद्रीबाबांच्या मांडीवर गेला तरी ओततच राहिली, आणि पाद्रीबाबाही जागचे हलले नाहीत. वर्षानुवर्षं आपण ‘जिल्ह्यातलं सर्वांत सुरक्षित गाव’ या पाटीसाठी अर्ज करत होतो, आणि या वर्षी ती मिळणार असं आतून कळलंही होतं. ती पाटी तर गेलीच, वर हे!

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझं मात्र तसं नव्हतं. मला गुन्हेगार कोण ते ठाऊक होतं. त्याचे आठ प्रताप मला माहीत होते.

पहिल्यांदा पाहिलं ते मेच्या सुरुवातीला. सकाळी मी वरच्या खोलीत केस विंचरत होते (अजून लांब आहेत, आणि अजून माझे आहेत), तर समोरच्या कुंपणापलीकडे एक उंच माणूस माझ्या खिडकीवर दुर्बीण रोखून उभा. भुरकट कोट, डोक्यावर टोपी. मी किंचाळले, त्याने टोपी काढून अभिवादन केलं! दादा, असला निर्ढावलेपणा मी पाहिला नाही. मी पोलिसांना फोन केला. दुसऱ्या दिवशी फुलं वाहायला गेले तर हाच माणूस चर्चच्या आवारात, दोन थडग्यांच्या मधल्या गवतावर उताणा पडलेला, डोळे सताड उघडे. मला वाटलं मेला. मी वाकून पाहिलं, तर तो म्हणाला, “सुप्रभात, बाई. जरा ऊन अडवताय.” पुन्हा फोन. मग एके दिवशी माझ्या फाटकावर खडूने गोल आणि त्यात तीनचा आकडा. चोर आधी घरं हेरून अशा खुणा करून ठेवतात हे मी रेडिओवर ऐकलं होतं, आणि तीन कशाचे तर (माझ्या मनात आलं) तीन दिवस, नाहीतर तीन माणसं, नाहीतर तिसरं घर. फोन. त्याच आठवड्यात गार करायला पुढच्या भिंतीवर ठेवलेली संत्र्याच्या मार्मालेडची बरणी नाहीशी झाली. तेव्हा मी फोनवर रडले. उरलेले चार सांगत बसत नाही, पण त्यातल्या एकात शिडी होती.

तर हे सगळं मी सभेत उभं राहून सांगितलं. डिलिसने छातीवर हात ठेवला. सिरिल ऑटर मात्र पांढराफटक पडला आणि कागद चाळायला लागला, याचं मला तेव्हा नवल वाटलं. लगेच ठराव झाला की गावाने स्वतःची गस्त घालायची, आणि सर्वानुमते अध्यक्ष मी. टाळ्या झाल्या. दादा, पोस्ट ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पिवळी जाकिटं आणि शिट्ट्या तिथल्या तिथे वाटण्यात आल्या. माझी शिट्टी गळ्यात पडते न पडते तोच दार उघडून आपली कॉन्स्टेबल टॅम्सिन ग्रब आत आली. ही पोरगी एकटी एकोणीस गावं सांभाळते, त्यामुळे ती कधीही दमलेलीच असते. सिरिलने तिला आकड्यांचा खुलासा करायला बोलावलं होतं. तिने वही उघडली, आमच्या पिवळ्या जाकिटांकडे एकदा पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

“मिस पॉकॉक,” ती म्हणाली, “नऊपैकी आठ नोंदी तुमच्या आहेत.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “माझ्यावर आठ गुन्हे झाले, हेच तर मी सांगतेय.”

“झाले नाहीत हो. तुम्ही कळवले. तक्रार आली की मला नोंद करावीच लागते, आणि नोंद झाली की ती तक्त्यात जाते. आठही तक्रारी तुमच्या फोनवरून, आणि आठही एकाच माणसाबद्दल. त्यांचं नाव बार्नबी थ्रेलफॉल. वुल्व्हरहॅम्प्टनला बस इन्स्पेक्टर होते, आता निवृत्त झालेत. पाकोळ्या मोजतात. छपराखालच्या भोकांत या पक्ष्यांची घरटी असतात. तुमच्या छपराखाली तीन आहेत, म्हणून फाटकावर तीन.”

सबंध सभागृह माझ्याकडे वळलं. डिलिस म्हणाली, “अगं, आणि ती बरणी चर्चच्या विक्रीसाठी नव्हती का? मी उचलून नेली. विकली पण! फार छान झालं होतं मार्मालेड, सगळे विचारत होते.” मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती कडाडली, “मेरियल! म्हणजे गावाचं नाव घालवलं ते तू? बसस्टँडाच्या खाली नेऊन बसवलंस आम्हाला!” कुणीतरी मागून म्हणालं की या एका बाईला महिनाभर सहलीला पाठवा, गुन्हेगारी आपोआप आटोक्यात येईल. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेण्यात आली. कुणी काढली ते मी पाहिलं नाही, मी खालीच पाहत होते. (नववा गुन्हा कोणता, असं पाद्रीबाबांनी विचारलं. गावाच्या नावाची पाटी कुणीतरी मोटारीने पाडली तो, असं टॅम्सिन म्हणाली, आणि पाटीवर हिरवा रंग लागला आहे असंही म्हणाली. सिरिलने घसा खाकरला आणि सभा संपल्याचं जाहीर केलं.)

पण खरा धक्का मला दारात बसला. सिरिल कुजबुजत माझ्यामागे आला. हे थ्रेलफॉल त्याच्याच बागेत, चाकांवरच्या लहान घरात भाड्याने राहत होते. बागेत भाडेकरू ठेवायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आता पोलिसांच्या वहीत नाव आल्यावर तो त्यांना आठवड्याच्या आत जायला सांगणार होता. “तुझ्यामुळे,” तो म्हणाला. दादा, मी घरी येऊन टोपीही न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले. एक माणूस गवतात पडून आकाशातले पक्षी मोजत होता, आणि मी त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्मालेडची नवी बरणी घेऊन मी माफी मागायला गेले. दार वाजवलं, उत्तर नाही. दोनदा वाजवलं. मला वाटलं गेला माणूस, आता कुठे शोधणार! सामान आहे का तेवढं पाहावं म्हणून एक बादली पालथी घातली, वर चढले आणि खिडकीला नाक लावलं. आत एक बिछाना, एक कप, आणि भिंतभर पाकोळ्यांची चित्रं. तेवढ्यात मागून अशी शिट्टी वाजली की बादली एकीकडे आणि मी दुसरीकडे, सरळ खाजऱ्या झुडपात. बरणी मात्र मी सोडली नाही. वर पाहते तर पिवळी जाकिटं घालून डिलिस आणि सिरिल.

“पकडली!” डिलिस ओरडत होती. “सिरिल, पहिल्याच दिवशी पकडली!”

“डिलिस, मी आहे गं, मेरियल!”

“ते दिसतंय मला. खिडकीतून काय बघत होतीस?”

आणि दादा, सिरिलने मला चाळीस वर्षं ओळखत असून खिशातून फोन काढला आणि पोलिसांना कळवलं. नियम तो नियम, म्हणाला. अकरा मैलांवरून टॅम्सिन आली. तोवर मी हातापायांना खाजवत बादलीवर बसून होते. तिने वही उघडली, माझं नाव विचारलं (विचारावं लागतं म्हणे), आणि मी संशयित म्हणून उत्तर दिलं. पोस्ट ऑफिसात एकोणतीस वर्षं काढली, एका तिकिटाची गफलत नाही, आणि आता मी दहावा गुन्हा!

त्याच वेळी बागेच्या फाटकातून थ्रेलफॉल आले. भुरकट कोट, गळ्यात दुर्बीण. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे शांतपणे पाहिलं. मी मान खाली घातली. आठ वेळा या माणसाला पोलिसांनी हटकलं ते माझ्यामुळे. आता एकच शब्द बोलायचा होता आणि फिटंफाट झाली असती. ते म्हणाले, “मिस पॉकॉक माझ्याकडेच आल्यात. मीच चहाला बोलावलं होतं. उशीर माझा झाला.” धडधडीत खोटं, दादा! पोलिसांच्या तोंडावर! टॅम्सिनने वही मिटली. तिला कळलं होतं, पण ती तशी शहाणी पोरगी आहे.

सगळे गेल्यावर मी माफी मागत बरणी त्यांच्यापुढे धरली. ते आत गेले, माझ्या हातांना लावायला औषध आणलं, किटली ठेवली. मग म्हणाले, “बाई, माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. माझ्या सख्ख्या पुतण्याने तेव्हापासून मी जिवंत आहे की नाही ते पाहायला एकदाही कुणाला पाठवलं नाही. तुम्ही दोन महिन्यांत आठ वेळा पाठवलंत.” ते हसले, मीही हसले, आणि मग मला रडू आलं ते खाजेमुळे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांच्याकडे कप एकच होता. मी कपातून घेतला, त्यांनी बरणीच्या झाकणातून.

तर असं आहे हे तुझं सुरक्षित गाव. शेजारी शेजाऱ्याला पोलिसांत देतो, चर्चच्या विक्रीत चोरीचं मार्मालेड खपतं, चिटणीस पाट्या पाडत फिरतो आणि सभ्य माणसं वर्दीसमोर खोटं बोलतात. नीट विचार करून ठरव. वहिनीला आणि पोपटाला माझी आठवण सांग.

तुझी धाकटी बहीण,
मेरियल

ता. क. घर मिळेपर्यंत मागची खोली देशील का, असं तू विचारलं होतंस. ती रिकामी नाही. बागेतून निघाल्यावर मिस्टर थ्रेलफॉल जुलैपासून तिथे राहतात. माणसाला रस्त्यावर घालवल्यावर एवढं तरी करायलाच हवं होतं. वरचं भीती घालणारं सगळं लिहायला बसले ते मुख्यतः या खोलीमुळे, हे तुझ्यापासून काय लपवायचं!

ता. क. २. खोली ११ ऑक्टोबरनंतर रिकामी होईल. त्या शनिवारी सकाळी अकराला चर्चमध्ये आमचं लग्न आहे. ओरडू नकोस, वहिनीला आधी बसव आणि मग सांग. जेवण डिलिस करते आहे. तेव्हा येऊ नकोस असं जिथे जिथे लिहिलं आहे ते खोडलं आहे असं समज, आणि हवं तितके दिवस राहा.

ता. क. ३. बाबा असते तर त्यांनी हात धरून मला वेदीपर्यंत नेलं असतं. आता ते काम तुझं. गुडघा दुखला तर आपण सावकाश चालू, मधे बाकावर बसू, लोक थांबतील. फक्त नाही म्हणू नकोस. दादा, मी चोराला भीत नाही, पोलिसांना भीत नाही आणि गावाला तर अजिबात भीत नाही. पण एवढ्या वर्षांनी सगळ्यांच्या देखत आनंदात चालत जायचं, ते मला एकटीला जमणार नाही.