मुकुट कोणी काढला

२८ ऑगस्ट १९७९, मंगळवार

मुकुट गेला. मंडळाच्या गणपतीचा, चांदीचा, आजोबांच्या पिढीने घडवून घेतलेला. काल विसर्जन झालं आणि आज सकाळी आईने पूजेची पिशवी उघडली, तर आत नुसतं लाल फडकं.

रीत अशी, की मूर्ती होडीत चढवायच्या आधी आमच्या घरातल्या लेकीने मुकुट काढायचा, लाल फडक्यात गुंडाळायचा आणि पिशवीत ठेवायचा. मातीचा देव समुद्रात जातो, मुकुट घरी येतो. सात वर्षं हे काम माझं. यंदा मी किनाऱ्यावर बंदोबस्ताला — अंगात वर्दी, पायांत कातडी बूट. तशा अवतारात देवाला शिवायचं कसं? म्हणून राजलक्ष्मीला सांगितलं. काकांची धाकटी. गर्दी दिसली की बुजते, पण म्हटलं एवढं जमेल.

ठाण्यात चोरीची नोंद मीच केली. सार्जंट देवराजने धड ऐकूनही घेतलं नाही. "होडी कोणाची?" सिल्वेंची, म्हटलं. झालं, जीप निघाली सितेकडे. सिते म्हणजे वादळानंतर सरकारने बांधलेली, आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांची वस्ती. आमच्या जीपला ती वाट पाठ आहे.

२९ ऑगस्ट

सिल्वें कोठडीत.

अकरा वर्षं हाच माणूस आमचा गणपती लाटा फुटतात त्या खडकांपर्यंत नेतो. आदल्या दिवशी होडी लिंबाने घासून काढतो, मासळीचा वास राहू नये म्हणून. त्या दिवशी स्वतःही मासळीला तोंड लावत नाही. आम्ही कधी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच ठरवलेलं.

पूजेची पिशवी होडीत होती म्हणून चोर तो. देवराज त्याला क्रिओल भाषेत म्हणाला, तुमच्या जातीला देव कशाला हवा, चांदी दिसली की पुरे. आणि थोबाडीत दिली. मी दारातच उभी. मारून झाल्यावर माझ्याकडे बघून हसला — आपल्यातली, आपल्याला समजणारी! किळस आली. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं तरी ते हसणं अंगावरून उतरत नाही.

सिल्वें तेच तेच सांगत होता. "मो पा फिन प्रां नान्ये, मामझेल." काही घेतलं नाही, बाई. मला बाई म्हणतो. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ओळखतो मला.

संध्याकाळी राजलक्ष्मीची जबानी घेतली. पोर सारखी दाराकडे बघत होती. पाच ओळींत आटोपलं आणि घरी पाठवलं.

३० ऑगस्ट

सिल्वेंची जबानी अकरा पानं झाली. टाइप करून बोटं दुखली.

२ सप्टेंबर

सोडलं एकदाचं. केस मात्र उभी आहे.

नव्या हॉटेलात त्याला बोटीवरची नोकरी ठरली होती. महिनाअखेर रुजू व्हायचं, त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा. तो मागायला आला. टोपी हातात, दाढी केलेली. खिडकीवर मीच होते. केस चालू असेल तर दाखला नाही, असं मीच त्याला सांगितलं. त्याने वाद घातला नाही. याचीच मला जास्त लाज वाटली.

जेवताना आई म्हणाली, "चंद्रिके, तो मानूस चोर न्हाय. पन बोलनार कोन? मंडलात समदे गप हायेत." बाबा खाली मान घालून भात कालवत राहिले.

देवराजविरुद्ध अर्ज लिहिला. थोबाडीत मारली ते, आणि बोलला ते सगळं शब्दाला शब्द.

१४ सप्टेंबर

देवराजची दक्षिणेला बदली! अर्ज लागू पडला. ठाणं धुऊन काढल्यासारखं वाटतंय. आईने शिरा केला. मी दोनदा घेतला.

नवे सार्जंट कृष्णदेव. आपल्याच समाजातले, शहरात शिकलेले, हळू आवाजात बोलणारे. कोणी आलं की उठून उभे राहतात. आता सिल्वेंचं काम होणार.

१७ सप्टेंबर

काय बघितलं मी आज!

कृष्णदेवांनी सिल्वेंला खुर्ची दिली. चहा मागवला. त्याला ‘मुस्ये सिल्वें’ म्हणाले, म्हणजे सिल्वेंसाहेब. मग कपाटातून सितेची वही काढली. वस्तीतल्या एकेका पुरुषाचं नाव आहे तिच्यात — कधी कोणाशी भांडला, कधी कोणी त्याच्यावर संशय घेतला. सिल्वेंच्या नावापुढे आठ वर्षांपूर्वीची एक ओळ. बंदरावर बाचाबाची, शिक्षा नाही. तेवढी त्यांना पुरली. केस चालू ठेवायची, दाखला नाही. सिल्वेंने आभार मानले आणि गेला. चहा तसाच होता.

"माज्या मनात काय न्हाय हां, चंद्रिका," म्हणाले. "सिस्टेम तशी हाय." खरंच काही नाही त्यांच्या मनात. मला तेच भयंकर वाटलं.

मी विचारलं, शेफ — सार्जंटला आम्ही असंच म्हणतो — आमच्या गावाची वही कुठे आहे? ते गोंधळले. "आपल्या गावाची? ती कशाला?"

देवराजची शिवी निदान ऐकू तरी यायची. तिच्याविरुद्ध अर्ज करता यायचा. या वहीविरुद्ध काय लिहू? ती शिवी देत नाही, हात उगारत नाही. कपाटात पडून असते. आणि जुनी फाटली म्हणून गेल्या वर्षी ती नव्याने कोणी उतरवली? मी. नावं वर्णानुक्रमाने लावली. अक्षर सुंदर म्हणून शाबासकी घेतली. शिसारी येते स्वतःची.

१९ सप्टेंबर

बाजारात कळलं, सिल्वें रोज होडी घेऊन खडकांपाशी जातो आणि बुड्या मारतो. लोक हसतात त्याला.

२३ सप्टेंबर, रविवार

मुकुट सापडला. सिल्वेंने आणला.

दुपारी ठाण्यात आला तेव्हा कपड्यांतून पाणी निथळत होतं, कोपर खरचटून सोललेलं. सदऱ्यात गुंडाळलेला मुकुट टेबलावर ठेवला. एक पाकळी वाकली आहे, बाकी धड. गणपतीची माती केव्हाच विरघळली, म्हणाला. दगड बांधलेला पाट तेवढा तळाशी होता. त्याच्या शेजारीच, वाळूत.

पाटाच्या शेजारी! म्हणजे मुकुट देवाच्या डोक्यावरूनच पाण्यात गेला. कोणी काढलाच नव्हता, हारा-दूर्वांच्या ढिगात कोणाला दिसलाही नसेल. शेंबड्या पोरालाही कळेल.

कृष्णदेवांनी मुकुट रुमालाने पुसला. मग शांतपणे म्हणाले, "कुठं लपवला ते त्यालाच म्हाईत होतं ना?"

मी भांडले. आवाज चढवला, पहिल्यांदाच. त्यांनी रागावूनसुद्धा बघितलं नाही. फाइल उघडली, एक कागद माझ्यापुढे सरकवला. "मुकुट काढून पिशवीत ठेवला, असं तुज्याच भनीनं लिवून दिलंय. सही हाय. मी कागद सोडून कसा जाऊ?"

मग सांगितलं, टाइप कर — मुद्देमाल आरोपीकडून हस्तगत. सिल्वें समोर उभा होता. त्याच्या पायाशी पाण्याचं थारोळं झालं होतं. आणि मी टाइप केलं. शी!

त्याला आता कोठडी, नोकरी गेलीच. आणि राजलक्ष्मी! एवढं धडधडीत खोटं? का? उद्या काकांकडे जाऊन तिच्या थोबाडीत मारणार आहे.

२४ सप्टेंबर

राजलक्ष्मी परसात कपडे वाळत घालत होती. मी ओरडायच्या आधीच रडायला लागली.

"ताई, माजा हात पोचलाच न्हाय. लोक ढकलत व्हते, मूर्ती गेली पन. तुला सांगनारच व्हते. पन तूच बोल्लीस — मुकुट काढून पिशवीत ठेवलास, ना? मी मान हलवली. तू लिवलंस. मग बोल्लीस, जा घरी."

बोलले होते. अगदी असंच. आत्ताही माझा आवाज ऐकू येतोय. होडी सिल्वेंची आहे हे मला तेव्हा ठाऊक होतं, दुसरं काही विचारावंसं वाटलंच नाही.

उद्या आठ वाजता माझी जबानी देणार. शेफ उठून उभे राहतील, खुर्ची देतील, चहा मागवतील. माझं नाव लिहायला मात्र ठाण्यात वही नाही.