वायरलेसवर पहिला मान कोणाचा

७ जून १९७८
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

काल पुण्याला मीटिंग झाली. यंदाच्या पावसाळ्यापासून महसूल, पोलीस, पाटबंधारे, रेल्वे, बांधकाम अशी सगळी खाती पुराच्या वेळी वायरलेसवर एकमेकांशी बोलणार. आजवर धरणातून पाणी सुटलं की पाटबंधारेवाले पुण्याला ट्रंक कॉल लावणार, पुणं आम्हाला तार करणार, आणि तार हातात पडेपर्यंत पाणी येऊन गेलेलं असणार. कल्पना मूळ माझी. मागं एकदा चहाच्या गाडीवर मी म्हणालो होतो की खात्याखात्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. भिमा शिपाई तेव्हा हजर होता. आठवत नाही म्हणतो.

पोलीस आणि रेल्वेकडे सेट आहेतच. तालुक्यांसाठी नवे मोठे सेट दोनच, एक शिरूरला आणि एक दौंडला. पावसाळ्यानंतर त्यातलं एक मुख्य केंद्र ठरणार आणि तिथल्या कारकुनाला हेडक्लार्कची खुर्ची मिळणार. शिरूरच्या तालुका कचेरीतला कारकून मी. दौंडचा बन्सी.

बन्सी म्हणजे माझा साडू. माझी मालन थोरली, त्याची सिंधू धाकटी. म्हणजे मी थोरला साडू. हे एकदा लिहून ठेवलेलं बरं.

संकल्प: बन्सीवर जळायचं नाही.

२१ जून
सेट आला. बन्सीचा आठवड्यापूर्वीच आला म्हणे. त्यानं सेटला हार घातला, पेढे वाटले. पेढे आमच्याकडेही पाठवले. मी खाल्ले नाहीत. मालननं खाल्ले, वर चांगले होते म्हणून सांगितलं.

दौंडचा एरियलचा खांब आमच्यापेक्षा उंच आहे. भिमाकडून आमच्या खांबाला बांबू बांधून घेतला. खांब थोडा वाकला आहे, पण उंच झाला.

२४ जून
शेजारच्या पोलीस चौकीतले वायरलेस हवालदार सोपानराव शिकवायला आले. बटण दाबून धरलं की आपण बोलायचं, सोडलं की समोरच्याचं ऐकायचं. एकानं बटण धरून ठेवलं तर बाकी सगळ्यांची तोंडं बंद. म्हणून बटण सोडायचा सराव करा, असा त्यांचा आग्रह. मी नको म्हणालो. वक्तृत्वात माझा शाळेत दुसरा नंबर होता. बोलणं येतं, बाकीचं होईल.

३ जुलै
रोज सकाळी शिरूर आणि दौंडनं एकमेकांशी बोलून सेट तपासायचा, असा हुकूम. आधी कोणी बोलायचं ते हुकुमात नाही. पण कुठल्याही कचेरीत धाकट्यानं आधी लाइनवर यायचं आणि मग थोरल्या साहेबांना फोन द्यायचा, हा रिवाज आहे. नात्यानं मी थोरला. बन्सी नोकरीत माझ्याआधी पर्मनंट झाला, हे खरं. कोणाच्या वशिल्यानं झाला हे मी इथं लिहीत नाही.

सेट लावून बसलो. त्यानं हाक दिली नाही. वर रिपोर्ट केला: दौंडकडून प्रतिसाद नाही.

१२ जुलै
रोज तेच. कळलं की तोही रोज वर कळवतो: शिरूरकडून प्रतिसाद नाही. म्हणजे सेट लावून गप्प बसतो. सरकारी नोकरीत इतका अहंकार बरा नव्हे.

२० जुलै
पुण्याहून मेकॅनिक आला. सेट उघडला, सगळं ठीक. दौंडला गेला, तिथंही ठीक. परत इथं आला, कसलासा पार्ट बदलला, पुन्हा दौंडला गेला. शेवटी वैतागून त्यानं 'मध्ये डोंगराचा अडथळा' असं लिहून दिलं. शिरूर आणि दौंडच्या मध्ये डोंगर नाही. मी हरकत घेतली नाही.

३० जुलै
मालनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमीच आधी बोला की. काय त्वांड झिजतंय का तुमचं?"

तिला काय कळणार. गेल्या वर्षी धोंड्याच्या महिन्यात कवठे येमाईला सासुरवाडीत आम्ही दोघं जावई पंगतीला बसलो होतो. ताट आधी बन्सीपुढं आलं. त्याच्या लग्नात त्याला जरीचा फेटा, माझ्या लग्नात मला साधा. मालन म्हणते, त्या वर्षी आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, कांद्याला भाव आला होता, एवढंच. कांद्याला भाव नेमका बन्सीच्याच लग्नात येतो.

मी जळत नाही. मी फक्त लक्षात ठेवतो.

१६ ऑगस्ट
पेपरात बन्सीचा फोटो. झेंडावंदनानंतर त्यानं साहेबांना वायरलेस चालवून दाखवला. रेल्वेशी बोलला, पोलिसांशी बोलला. माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलला. त्या पेपरात भिमाला भजी बांधून आणायला लावली. नंतर कागद सरळ करून पुन्हा पाहिला. फोटोत बन्सीचं पोट दिसतं. समाधान वाटलं.

त्यानं स्कूटरही घेतली आहे. माझ्या बुकिंगचा नंबर लागायला अजून अवकाश आहे.

१ सप्टेंबर
मालन दौंडला गेली. गणपती-गौरी जवळ आले, दोघी बहिणी मिळून भीमेवर गोधड्या धुणार आहेत. मी म्हणालो, आपल्या घोडनदीला काय पाणी नाही? ती म्हणाली, पाणी आहे, पण घरात त्या सेटाशिवाय दुसरा विषय नाही, चार दिवस कानाला आराम. आमच्याही दोन गोधड्या घेऊन गेली. खानावळीत जेवतो आहे. आमटीत मीठ जास्त.

४ सप्टेंबर, दुपार
घाटात दोन दिवस कोसळतो आहे. आता वरच्या धरणावरून सेटवर निरोप आला: दारं उघडतो आहोत, दौंडला ताबडतोब सांगा, नदीकाठ रिकामा करायला लावा. धरणाचा सेट लहान, तो दौंडपर्यंत पोचत नाही. म्हणजे सगळं माझ्या हातात.

एवढा पाऊस पाहून बन्सी आपण होऊन हाक देईलच. हाक दिली की लगेच सांगतो. पाण्याला दौंडला पोचायला अजून अवकाश आहे. ही संधी आहे. आज तो आधी बोलला की रिवाज कायमचा पडेल.

चहा मागवला. अजून हाक नाही. काय माणूस आहे.

५ सप्टेंबर
काल पुढं काय झालं ते लिहायलाच हवं.

भिमा चहा ठेवता ठेवता म्हणाला, वहिनी गोधड्या धुऊन परत कधी यायच्या? मी म्हणालो, गौरीच्या आधी. आणि तोंडातून शब्द निघता निघता लक्षात आलं. मालन नदीवर होती. मी इथं तिच्या नदीचं पाणी धरून बसलो होतो.

बटण दाबलं. दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बोललो: बन्सीराव, शिरूर बोलतोय. पाणी सुटलंय. बायकांना नदीतून बाहेर काढा. मालन आहे तिथं.

उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. उत्तर नाही. मला वाटलं, उशिरा हाक दिली म्हणून हा अडून बसला आहे. मग मला धीर राहिला नाही. म्हणालो, तुम्हीच थोरले. जरीचा फेटा तुम्हाला दिला ते बरोबर केलं. ताट आधी तुमच्याचपुढं यावं. खुर्ची तुम्ही घ्या, फोटो तुमचाच चांगला आला होता, पोटासकट. तुमची स्कूटर बघून मी रात्ररात्र झोपलो नाही. मी तुमच्यावर जळतो बन्सीराव, लग्नापासून जळतो, पण मालनला बाहेर काढा.

तरी उत्तर नाही. मी रडत होतो. तेवढ्यात चौकीतून सोपानराव स्वतः धावत आले आणि त्यांनी माझा अंगठा बटणावरून उचलला.

लगेच मालनचा आवाज आला. "मी हितं हाय. कवाची बोलतीया. तुमी बटण सोडंना."

सेटवर आणखी कोणीतरी हसलं. रेल्वेचं असावं.

रेल्वे पुलावरच्या माणसानं पाणी चढताना पाहून दौंडच्या कचेरीत फोन केला होता. बन्सी स्कूटरवरून नदीवर गेला, ओरडून सगळ्या बायकांना वर काढलं आणि मालनला कचेरीत घेऊन आला. दोन गोधड्या वाहून गेल्या, दोन्ही आमच्या. मी बोलत होतो तेवढा वेळ सोपानरावांना न्हावऱ्याच्या ओढ्यावर एस.टी. थांबवायचा निरोप देता येत नव्हता. पाणी बघून ड्रायव्हरनंच गाडी थांबवली म्हणून निभावलं. हे सोपानरावांनी मला शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

७ सप्टेंबर
नीट विचार केला. घडलेल्या प्रकारात शिरूर केंद्राची बाजू भक्कम आहे. आमचा आवाज पुण्यापर्यंत एकेक शब्द स्वच्छ गेला, हे साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं. सूर वेगळा होता, पण मुद्दा तोच. शिवाय बन्सीला खबर मिळाली ती साध्या फोनवर. म्हणजे दौंडनं वायरलेसचा वापर केलाच नाही. तसा रिपोर्ट पाठवला.

बाजारात लोक मला 'थोरले' म्हणून हाक मारतात. मान वाढला आहे.

मालननं एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप दिला: गौरी इकडंच बसवते. आणखी काही म्हणाली का, असं विचारलं. नाही म्हणाला.

१९ सप्टेंबर
हुकूम आला. मुख्य केंद्र दौंड. हेडक्लार्क बन्सी. शिरूर केंद्रानं यापुढं फक्त ऐकायचं. मेकॅनिक आला, माइक आणि बटण सोडवून पिशवीत घालून घेऊन गेला. या वेळी त्याला डोंगर दिसला नाही.

घरात गौरी नव्हती, त्यामुळे विसर्जनाची दगदग वाचली.

२० सप्टेंबर
सकाळी सवयीनं सेट लावून बसलो. आणि बन्सीनं आधी हाक दिली.

म्हणाला, "दादा, नमस्कार करतो. नात्यानं तुमीच थोरले. आजपास्नं रोज पयला आवाज मीच देनार. आक्का उद्या सकाळच्या गाडीनं येत्यात. त्यास्नी घ्यायला स्टँडवर जा. त्या म्हंत्यात, तुमी जाशाल म्हणून एकदा तुमच्या तोंडनं ऐकू द्या, मंगच गाडीत बसते."

मग तो थांबला. मी हो म्हणालो. उठून उभा राहिलो, सेटच्या जाळीला तोंड लावून पुन्हा हो म्हणालो. भिमा दारातून बघत होता.

बन्सी म्हणाला, "दादा, कायतरी बोला की."

माइक काढून नेल्याचं त्याला कोणी कळवलेलं नाही. मागं मालन त्याला काहीतरी हळू बोलली, मग सेट बंद झाला. त्यांना वाटलं असेल, मी अजून रुसलोय.