नानांचा थरथरणारा हात

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. काल तुमच्या रिकाम्या जागी, तुरुंगाच्या पाहणी समितीवर, मी पहिल्यांदा गेले. कोणता तुरुंग ते लिहीत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे.

आधी भाषण झालं. मोठे साहेब म्हणाले, "कच्चे कैदी म्हणजे गुन्हेगार नव्हेत. त्यांचा सन्मान ही शासनाची जबाबदारी!" टाळ्या. मी वहीत उतरवून घेतलं. सवय कुठे जाते?

मग बराक. प्रत्येकापुढे घडीसुद्धा न मोडलेलं नवं ब्लँकेट! ही बातमी मी दर हिवाळ्यात छापली आहे, नाना. 'कैद्यांना ऊब' हा मथळा माझाच. तुम्ही तो वाचून नुसते हसायचात. तेव्हा का नाही बोललात?

नरखेडकडचे म्हातारे देवराव अजून खटला उभा राहायची वाट बघताहेत. त्यांनी विचारलं, "ताई, मास्तर काहून नाही आले?"

सांगितलं. त्यांनी ब्लँकेटच्या घडीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मंग आता चहा कोण सांडवन वं?"

मला कळेना.

"साहेब लोक गेले का कंबल वापस स्टोअरात. डाग पडला तर घेत नाही. मास्तर दरसाल चहाचा कप घेऊन फिरत. याच्यावर जरासा, त्याच्यावर जरासा. म्हणे, माहा हात कापते!"

नाना! त्या हातासाठी मी तुम्हाला रामदासपेठेत मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं! त्यांनी सुईत दोरा ओवायला सांगितला, तुम्ही एका झटक्यात ओवलात, आणि बाहेर आई देवाला हात जोडून बसलेली. शोभलं का हे?

पण तुम्ही सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी छापलं असतं. मग पुढच्या पाहणीत चहाच मिळाला नसता.

काल हवा झोंबत होती आणि देवरावांच्या अंगात विरलेला सुती सदरा. भाषणाचा दिवस म्हणून चहा कैद्यांनाही होता. मी माझा कप त्यांच्या ब्लँकेटवर तिरका केला. माझा हात खरोखर कापत होता हो! शेजाऱ्यानं आपला कप आपणच उलटा केला. मग त्याच्या शेजाऱ्यानं. मग सगळ्या रांगेनं!

अधीक्षक धावले. "अरे, काय करून राहिले बे तुम्ही?"

देवराव शांतपणे म्हणाले, "मास्तरची तेरवी हाय, साहेब. त्याइच्या नावानं चहा सोडला. तेव्हा आमाले जाता नाही आलं."

मोठे साहेब शेजारीच उभे. नुकतंच सन्मानावर बोललेले! अधीक्षकांना धड ओरडताही येईना.

नाना, आयुष्यभर मी बातमी वेळेवर दिली. ही मात्र थंडी सरेपर्यंत खणात ठेवते. होळी झाली की सगळी छापेन, साहेबांच्या भाषणाला लागूनच. मग तुमची युक्ती चालणार नाही, कळतं मला. म्हणून पुढच्या हिवाळ्यात पाहणीनंतर आठ दिवसांनी, कुणाला न कळवता, मी पुन्हा बराकीत जाईन. ब्लँकेटं दिसली नाहीत, तर तेही छापेन. शब्द देते.

तुमची,
मंदा