वळणावर घसरलेलं इंजिन

भाऊजी,

बाबांनी टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेतलं काळं इंजिन काल तुम्ही वळणावर जोरात नेलंत आणि ते घसरून जमिनीवर आपटलं. बाबा चक्क हसले! "होतं असं, जावईबापू, पुन्हा चालवा." माझा नुसता जळफळाट झाला. ते रूळ रोज मी पुसतो, बोगदा मी रंगवला. पण वेगाचं बटण बाबांनी कधी माझ्या हाती दिलं नाही. म्हणतात, "तू फार घाई करतोस."

हे पत्र पाठवणार नाही, कारण तुम्ही ते त्यांना वाचून दाखवाल आणि दोघं हसाल. पण या रविवारी खरंच येऊ नका, काहीतरी काम काढा. मग नाइलाजाने का होईना, बाबा मला हाक मारतील.

तुमचा,
मेहुणा